कोकणातल्या घरात गिनी पिग: पडवीत ठेवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. आठ वर्षांच्या मुलीला गिनी पिग हवे आहेत. पडवीत पिंजरा ठेवला तर चालेल का, किती आणावेत, खायला काय द्यायचं आणि पावसाळ्यात कसं जमवायचं?

पडवीत ठेवू नका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, पण ओलीचा बंदोबस्त आधी करावा लागेल. आपल्याकडे या प्राण्याचे बहुतेक हाल ओलीने होतात. गवताला बुरशी येते, पाय कुजतात, कातडीला नायटा होतो, छाती भरते. पडवीला झाप बांधले तरी झड आत येतेच. रात्री मांजर आणि उंदीर फिरतात, उंदरांमागे साप येतो. मे महिन्यात तर दुपारी तिथे नुसती भट्टी असते.

पिंजरा माजघरात किंवा उत्तर-पूर्वेला खिडकी असलेल्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात जमिनीला आणि चिऱ्याला ओल सुटते, म्हणून तो दोन-अडीच फूट उंच टेबलावर आणि भिंतीपासून वीतभर लांब हवा. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपली जुनी पद्धत इथे उत्तम चालते. फक्त वाटीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल. त्या खोलीत मच्छर कॉइल किंवा धूप लावू नका. यांची फुप्फुसं नाजूक असतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका.

दोघांसाठी कमीत कमी ४ फूट लांब आणि २ फूट रुंद जागा लागते. दुकानात सशाचा म्हणून मिळणारा दीड फुटी पिंजरा घेऊ नका, त्यात ते फक्त बसून राहतात. गिनी पिगना चढता येत नाही, त्यामुळे दोन मजली पिंजऱ्याचाही उपयोग नाही. कडा १५ इंच उंच पुरतात, पण वर झाकण हवंच, कारण कौलारू घरात उंदीर वाशांवरून उतरतात. जाळी अर्ध्या इंचाची, गॅल्व्हनाइज्ड आणि वेल्ड केलेली घ्या. तळाला मात्र जाळी कधीच नको, सपाट प्लायवर रेक्झिन किंवा जाड प्लास्टिक चढवा. पाय उचलून तळवा बघितलात की कारण कळेल: तिथे केस नसतात, लहान मुलाच्या ओठासारखी मऊ गुलाबी कातडी असते. जाळीवर किंवा ओल्या तळावर ती आधी लाल होते, मग जाड होते, मग फुटते. ती जखम बरी व्हायला महिने लागतात.

तळावर खाली वर्तमानपत्राचे पाच-सहा थर आणि वर कोरडं गवत, एवढं पुरे. गोधडीचे किंवा फ्लीसचे तुकडे उन्हाळ्यात छान, पण जुलैत ते वाळतच नाहीत. वखारीतला बारीक भुसा नाकात जातो, तो टाळा. रोज सकाळी ओला कोपरा काढायचा आणि पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी सगळं बदलायचं. उभ्याने वास घेऊ नका, नाक पिंजऱ्याच्या तळापर्यंत न्या. तिथे अमोनिया झोंबला तर त्यांना तो दिवसभर झोंबतोय. लघवीचे पांढरे डाग पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं घेऊन निघतात.

आता उकाडा. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, थंड कोरड्या हवेतला. १८ ते २४ अंश त्याला सुखाचे. त्याला घाम येत नाही, आणि दमट हवेत तिशीच्या आसपासही उष्माघात होऊ शकतो. देशावर ओलं गोणपाट टांगून खोली गार करतात. आपल्याकडे ते करू नका. इथल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की गोणपाटातलं पाणी उडत नाही, खोली गार होत नाही आणि ओल तेवढी वाढते. त्याऐवजी एक लिटरची बाटली पाऊण भरून गोठवा, जुन्या पंच्यात गुंडाळा आणि ताटलीत ठेवून पिंजऱ्यात द्या. ताटली अशासाठी, की बाटलीला सुटलेलं पाणी गवतात मुरू नये. वीज जाते हे धरून चालून तीन-चार बाटल्या फ्रीजरमध्ये तयार असू द्या. एका बाजूला शहाबादी लादीचा तुकडा ठेवलात तर ते त्यावर पोट टेकून बसतात. लपायला मातीची बारा इंची कुंडी आडवी ठेवा, आत गार राहते. प्रत्येकाला वेगळी कुंडी हवी, एकच दिलीत तर दुबळा बाहेर राहतो. पंखा थेट अंगावर नको.

आडवा पसरून धापा टाकतोय, हनुवटी लाळेने ओली झालीय, असं दिसलं तर उष्माघात समजा. सावलीत न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, पोटाखाली ओलं फडकं ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा. बर्फाचं पाणी वापरू नका, एकदम गारठ्याने शरीराला धक्का बसतो.

खाण्यात गवत सगळ्यात महत्त्वाचं. आहाराचा सुमारे ८० टक्के भाग तेच असतं. यांचे वीसही दात जन्मभर वाढतात आणि ते गवत चावूनच झिजतात. गवत कमी पडलं की दाढा जिभेवर वाढतात, आणि खायची इच्छा असूनही प्राणी उपाशी राहतो. भाताच्या पेंढ्यावर भागवू नका. त्यात कस कमी आणि टोकं डोळ्यात जाणारी. कातळावरचं कुसळी गवतही नको, कुसळं हिरडीत रुततात. फुलोरा यायच्या सुमारास कापलेलं मऊ रानगवत किंवा हरळी उत्तम. ऑक्टोबरात पाऊस थांबला की कापा आणि दोन-तीन दिवस उलटसुलट करून कडक उन्हात वाळवा. मूठभर घेऊन दाबलं की कुरकुर वाजलं पाहिजे. नुसतं दबलं आणि हाताला गारवा लागला तर अजून ओल आहे. सुकलेलं गवत हिरवट राहतं आणि चहाच्या पत्तीसारखा वास येतो. गोणपाटाच्या पोत्यात भरून माळ्यावर टाका, प्लास्टिकच्या पोत्यात ते आतून घामेजतं.

किती साठवायचं याचा हिशेब सोपा आहे. नासाडी धरून एकाला दिवसाला १०० ग्रॅम, दोघांना २००. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण १४० दिवस, म्हणजे २८ किलो. एवढं कोरडं गवत ठेवायला माळ्यावर जागा नसेल तर बाहेरून टिमोथी नावाचं विकतचं सुकं गवत मागवायची तयारी ठेवा. दोन्ही शक्य नसेल तर गिनी पिग आणू नका असंच मी सांगेन, कारण ऑगस्टमध्ये ऐनवेळी कोरडं गवत कुठेच मिळत नाही.

पावसाळ्यातलं ताजं गवत ते आवडीने खातात, पण ओल्या गवताचा ढीग काही तासांत आतून तापतो आणि त्याने पोट फुगतं. चादरीवर पातळ पसरून पंख्याखाली सुकवून मगच द्या. कापायची जागाही बघून निवडा. भाताच्या बांधावर उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, तुम्हाला आणि त्यांनाही. आंब्याच्या बागेत मोहोराच्या फवारण्या चालू असताना आणि पोफळीवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारलेलं असताना खालचं गवत घेऊ नका. तणनाशक मारलेल्या काजूबागेतलं तर नकोच.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. एकाला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला त्याहून जास्त. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोज ३० ग्रॅमची एक जाड फोड बिया काढून दिली की झालं. ढोबळी नसेल त्या दिवशी आवळ्याची चकती किंवा पेरूची फोड, पण पेरूत साखर असते म्हणून फोड लहानच. शेवग्याच्या पाल्यात क जीवनसत्त्व भरपूर आणि कॅल्शियमही भरपूर. रोज दिला तर मूतखडा व्हायची भीती, तेव्हा आठवड्यातून दोनदा एक डहाळी पुरे. जीवनसत्त्वाची गोळी पिण्याच्या पाण्यात विरघळवू नका. काही तासांत तिचा जोर जातो आणि चव बदलल्याने ते पाणीही कमी पितात. लहान मुलांचे थेंब घेतलेत तर बाटलीवरचं प्रमाण वाचा: एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर पाव मिलिलिटर थेट तोंडात.

हे कमी पडलं तर दोन-तीन आठवड्यांतच केस विस्कटलेले दिसतात, सांधे सुजतात, उचललं की प्राणी किंचाळतो. बरेच जण याला लचक समजतात आणि वेळ जातो.

भाजीत कोथिंबीर, काकडी, दुधी, मुळ्याचा थोडा पाला, मक्याची पानं, जास्वंदीची पानं-फुलं चालतात. माठ आणि पालक अधूनमधून. कोबीने पोटात वायू धरतो. अळू, नेचे, टाकळा, बटाटा, कांदा, लसूण, कण्हेर, रुई ही अजिबात नकोत. भात, चपाती, बिस्कीट, दूध हेही नको, आणि हे घरातल्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, कारण मायेने तेच भरवलं जातं. दुकानातलं गोळी खाद्य (पेलेट) दिलंत तर एकाला दिवसाला मोठा चमचाभर, तेही गिनी पिगचंच. सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घातलेलं नसतं.

किती आणावेत? दोन. एकटा प्राणी कोमेजतो. दोन माद्या सगळ्यात सोप्या. एकत्र वाढलेले दोन नरही राहतात, पण आसपास मादी नको. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा: मादीच्या जागी इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते, नराची जागा वर ठिपका आणि खाली रेघ अशी दिसते. नर तीन आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात. मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या ओटीपोटाची हाडं घट्ट जुळतात आणि नंतरचं बाळंतपण जिवावर बेततं. म्हणून नर-मादी जोडी घेऊच नका. सशाबरोबरही ठेवू नका. सशाच्या नाकातले काही जंतू त्याला त्रास देत नाहीत, गिनी पिगला मात्र न्यूमोनिया करतात.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपल्यात बसवून वजन घ्या आणि वहीत लिहा, हे काम मुलीला द्या. मोठ्याचं वजन ७०० ग्रॅम ते सव्वा किलोपर्यंत असतं. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर लक्ष ठेवा, १०० उतरलं तर डॉक्टर गाठा. दुखणं लपवायचा यांचा स्वभाव असतो, काटा मात्र आधी सांगतो. पावसाळ्यात दिवसातून दोनदा मागची बाजू बघा. तिथे घाण चिकटली असेल तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसले तर घाबरू नका, पचनासाठी ते लागतं. लघवी पांढरट असणंही नेहमीचं. लाल दिसली किंवा करताना प्राणी ओरडला तर मात्र तपासणी हवी.

बारा तास काही खाल्लं नाही, तर सकाळची वाट बघू नका. आतडी थांबली की पुन्हा सुरू होणं कठीण. गोळी खाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा. सुई काढलेल्या सिरिंजने पुढच्या दातांमागे, तोंडाच्या कडेने थोडा थोडा द्या: एका वेळी ५ ते १० मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी. प्रत्येक घोट गिळला की मगच पुढचा. हे डॉक्टरकडे पोचेपर्यंतचं.

गिनी पिग आणण्याआधीच डॉक्टर शोधून ठेवा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरं आणि कुत्री येतात, म्हणून फोन करून विचारा. अवघड काही असेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा घाटावर शिरवळचं. एक गोष्ट मात्र तुम्हीच आठवणीने बोला: तोंडावाटे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन नको. कुत्र्याला सहज देतात ती ही औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. कुत्र्याची पिसवांची पावडरही वापरू नका.

मुलीला आधी शिकवायचं ते खाली बसून घेणं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि प्राणी मांडीवर. उभ्याने घेतलेला गिनी पिग उडी मारतो आणि पाठीचा कणा मोडतो. दात कडकड वाजवत असेल तर त्याला सोडून द्यायचं. पिशवीच्या आवाजाने शीळ घालायला लागला म्हणजे तो रुळला. हात धुणं सक्तीचं, विशेषतः पावसात, कारण त्याच्या अंगावरचा नायटा मुलांना लगेच लागतो. नाकाभोवती, कानापाशी गोल टक्कल आणि कोंडा दिसला की मुलीला लांब ठेवा आणि मुलीला व प्राण्याला, दोघांनाही आपापल्या डॉक्टरांना दाखवा.

आणायचे ते नोव्हेंबरात आणा. नवं गवत घरात असतं, हवा बरी असते, आणि पहिल्या पावसाआधी तुमच्या हाताला सहा महिन्यांची सवय होते. मे महिन्यात दुपारच्या गाडीने तर आणूच नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला चारही बाजूंनी भोकं पाडा, आत मूठभर गवत आणि पाण्याऐवजी काकडीचे तुकडे ठेवा, दोघांना एकाच खोक्यात बसवा आणि पहाटे निघा.