साहेबांनी शेवटी बोलावं

प्रश्न : चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी डिझाइनला आहे. वेल्डिंग फिक्श्चरचा (वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणाऱ्या साच्याचा) क्लॅम्प, म्हणजे भाग दाबून ठेवणारी पकड, सुधारायचा म्हणून आम्ही सहा जण रोज मीटिंगला बसतो. बोलतात दोघंच, त्यात एक साहेब. माझी पाळी येईपर्यंत डोक्यातलं विरून जातं. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे एकत्र बसून सुचेल ते बोलत कल्पना काढणं, हे थोतांड आहे का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : थोतांड नाही, पण गवगवा फार झाला. ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने ते रूढ केलं. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या कल्पना मिळून जास्त भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी मुख्य कारण दाखवलं : एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे ताटकळतात. तुमचं ‘विरून जातं’ ते हेच.

तुम्ही नेमके सहा आहात, तेव्हा रोरबाख या जर्मन माणसाची ६-३-५ पद्धत करून बघा. प्रत्येकाने पाच मिनिटांत कागदावर तीन कल्पना काढायच्या आणि कागद शेजारच्याला द्यायचा. त्याने आधीचं बघून खाली आपल्या तीन काढायच्या. अशा सहा फेऱ्या केल्या की अर्ध्या तासात १०८ होतात. बऱ्याचशा टाकाऊ असतात, असू देत.

शब्दांपेक्षा चित्रं काढा, वेडीवाकडी चालतील. आमच्याकडे एकाने टॉगल क्लॅम्पचा (दांडा दाबला की घट्ट बसणाऱ्या क्लॅम्पचा) दांडा घाईत नागमोडी काढला. शेजारच्याला ती स्प्रिंग वाटली आणि त्याने खाली स्प्रिंगवर चालणारा क्लॅम्प काढला. पहिल्याने हे बघून कपाळाला हात लावला. पण मॉडेल आम्ही त्या स्प्रिंगवाल्या क्लॅम्पचंच केलं.

बोलायचं ते यानंतर, आणि मधे वस्तू ठेवून. पुठ्ठ्याचा क्लॅम्प चालेल. वेल्डरला बोलावून तो हातात द्या. हातमोजे घालून दांडा धरता येतो का, हे तो लगेच सांगेल. साहेबांनाही कागद द्याच, फक्त त्यांचं मत शेवटी घ्या. (हे त्यांना कोण सांगणार, ते तुम्ही ठरवा!)

आणि हो, त्या दिवशी सध्याच्या क्लॅम्पचं ड्रॉइंग भिंतीवरून उतरवून ठेवा. जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांच्या १९९१ च्या प्रयोगांत नमुना समोर ठेवल्यावर डिझाइन करणाऱ्यांनी त्यातले दोषसुद्धा उचलले होते.