थायलंडमधील शिक्षकाची दिवाळी आणि सुट्ट्यांचे गणित

आपण उदगीरहून येऊन खोन केनजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवता आणि घराबाहेरची ही पहिलीच दिवाळी आहे. व्हिडिओ कॉलवर घरची गडबड पाहिली की बरे वाटण्याऐवजी जीव अधिकच कासावीस होतो, तेव्हा नोकरी सोडून परत जावे का, असे आपण विचारले आहे. मी मूळचा नांदेडचा असून बरीच वर्षे थायलंडमध्ये हेच काम करतो. माझे मत आधीच सांगतो: राजीनाम्याचा निर्णय दिवाळीच्या तोंडावर घेऊ नये. तो मार्चमध्ये, वार्षिक परीक्षा झाल्यावर, शांतपणे घ्यावा. सत्राच्या मध्येच शाळा सोडली की वर्क परमिट रद्द होते, त्यावर आधारलेला येथे राहण्याचा परवानाही संपतो, आणि ज्या गोष्टीचा निकाल दोन आठवड्यांत आपोआप लागला असता तिच्यासाठी वर्षभराची घडी विसकटते.

यंदाचा त्रास बराचसा पंचांगाने दिलेला आहे. येथील सरकारी शाळांचे पहिले सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, मग साधारण तीन आठवडे सुट्टी असते आणि १ नोव्हेंबरच्या सुमारास दुसरे सत्र उघडते. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन सुट्टीत आले होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरवर गेले. शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच रजा मागणाऱ्या परदेशी शिक्षकाला कोणताही मुख्याध्यापक हसतमुखाने नकार देणार, हे गृहीत धरावे. २०२७ चे लक्ष्मीपूजन मात्र २९ ऑक्टोबरला आहे, तेव्हा आत्तापासून त्या तारखांवर लक्ष ठेवता येईल. मला स्वतःला विचाराल तर दिवाळीसाठी धावपळ करण्यापेक्षा मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतची मोठी सुट्टी गावाकडे घालवणे जास्त पदरात पाडणारे आहे. तेव्हा आपल्याकडे ऊन पार बेचाळीसच्या पुढे जाते हे खरे, पण भाचरे आलेली असतात, लग्नसराई असते, अक्षय्य तृतीयेचा आमरस असतो आणि कोणालाही परतण्याची घाई नसते. करारात त्या सुट्टीचा पगार धरला आहे की करार दहाच महिन्यांचा आहे, एवढे मात्र सही करण्यापूर्वी पाहावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. सणाच्या दिवशी जे बोचते ते अंतर असते असे आपण समजतो, पण माझ्या अनुभवाप्रमाणे त्या दिवशी आपल्याकडे काहीच काम नसणे अधिक बोचते. घरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा लहानमोठ्या प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येते: कोणी कोठ्या मांडतो, कोणी फुलोरा बांधतो, कोणी केवडा मिळेपर्यंत बाजार पालथा घालतो. परदेशातला माणूस मात्र नुसता प्रेक्षक होतो. त्यातून घरचे फोन कोणत्या तरी डब्याला टेकवून ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. मग आपल्याला दिसतो तो छताचा पंखा आणि ये-जा करणाऱ्यांचे खांदे. असा तास-दोन तासांचा कॉल शक्यतो टाळावा आणि त्याऐवजी घरच्यांकडून एखादे काम हक्काने मागून घ्यावे. आमच्याकडे सोळा भाज्यांची यादी माझ्याकडे असते. आदल्या संध्याकाळी धाकटा भाऊ मंडईत उभा राहून एकेक भाजी सांगतो, मी खूण करत जातो, आणि शेवटच्या दोन-तीन भाज्या मिळेनाशा झाल्या की आम्ही दोघे आईला न सांगता परस्पर काय चालेल ते ठरवतो. त्या दहा मिनिटांत मी पुरता घरी असतो. येथील घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे घरी पहाटे पाचला अभ्यंगस्नानाची गडबड सुरू होते तेव्हा येथे साडेसहा वाजलेले असतात. आठच्या ध्वजवंदनाला शाळेत उभे राहण्यापूर्वी बोलणे सहज होते.

स्वयंपाकाबद्दलही थोडे सांगतो. येताना फराळाचे डबे आणण्यापेक्षा येसर आणावा. भाजलेल्या धान्या-डाळींचे हे मसालेदार पीठ महिनोन्महिने टिकते, आणि रात्री उशिरा थकून आल्यावर उकळत्या पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी होते. हरभऱ्याची डाळ आपल्या भागात सहज मिळणार नाही, पण सालकाढी मुगाची डाळ थाई बाजारात सर्वत्र असते. तिचे पुरण सैल राहते, म्हणून डाळ कमी पाण्यात शिजवून, गूळ घातल्यावर उलथणे उभे राहीपर्यंत आटवावी. चण्याच्या पुरणाची सर तिला येत नाही, हे कबूल.

बँकॉकला जाणे झाले तर फाहुरात भागात डाळी, रवा, बेसन, उदबत्त्या सगळे मिळते. तेथील गुरुद्वारात मी नांदेडचा असे सांगितल्यावर हजूर साहिबच्या गावचा म्हणून जी विचारपूस झाली, तशी मला पुण्यातही कधी मिळाली नव्हती.

शाळेत जे सण होतात त्यांत मात्र मागे राहू नका. लॉय क्राथोंग हा पाण्यात दिवे सोडण्याचा थाई सण साधारण आपल्या कार्तिक पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पाने, फुले, मेणबत्ती आणि उदबत्ती लावून केलेला क्राथोंग मुले पाण्यात सोडतात. गोदावरीकाठच्या माणसाला त्यात नवखे वाटण्यासारखे काही नाही. डिसेंबरमध्ये २५ तारखेला सुट्टी नसूनही नाताळचा कार्यक्रम इंग्रजी विभागाच्या गळ्यात पडेल आणि लाल टोपी बहुधा आपल्यालाच घालावी लागेल. आपण कोणत्या धर्माचे, कोठले, याचा विचार तेथे कोणी करत नाही, तेव्हा निमूटपणे घालावी.

वेळ अमावस्येवर, म्हणजे शेतात पूजा करून तेथेच सगळ्यांनी जेवायच्या आपल्या सणावर, माझ्याकडे उपाय नाही. लातूरकडच्या माणसाला ती दिवाळीहून जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे. कडब्याची कोप, मडक्यातली आंबील, भज्जी आणि बांधावर बसलेली पन्नास माणसे हे भाड्याच्या खोलीत मांडता येत नाही, आणि मांडू पाहिले तर केविलवाणे होते. यंदा ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शाळेच्या दिवसांत येते. त्या दिवशी शेतातून थेट चित्रण पाठवू नका असे घरी आधीच सांगावे आणि रात्री सगळे परतल्यावर निवांत बोलावे.

मोठ्या सुट्टीची तिकिटे डिसेंबरातच काढावीत, कारण १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, भाडे वाढते. देश सोडण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयातून पुनर्प्रवेशाचा परवाना न विसरता घ्यावा. एकदाच्या प्रवासासाठी १,००० बाट आणि अनेक वेळांसाठी ३,८०० बाट पडतात. तो न घेता बाहेर पडल्यास येथे राहण्याची परवानगी त्याच क्षणी रद्द होते आणि व्हिसाचे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आणखी एक, उदगीरच्या माणसाने मुंबईला उतरू नये. बँकॉकहून हैदराबादला थेट विमान आहे, आणि तेथून बिदरमार्गे घर मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे.