आबांची जीप आणि कन्नडचा घाट

प्रश्न : आबांनी १९७४ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी जीप आता माझ्याकडे आहे. इंजिन मूळचं पेट्रोलचंच. गेल्या महिन्यात कन्नड घाट उतरून मामाकडे चाळीसगावला जाताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं. तीन-चारदा पंप केलं तेव्हा कुठं गाडी थांबली. क्लच दाबून पाय भरून येतो आणि रिव्हर्स घेताना गाडी थरथरते. गॅरेजवाले म्हणतात, चारही चाकांना डिस्क ब्रेक, वर पेडल हलकं करणारा बूस्टर आणि तारा-दांड्यांऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच टाकून घ्या. काका, टाकू का?
— एक वाचक, कन्नड तालुका

उत्तर : आधी एक काम करा. ब्रेक उघडून होईपर्यंत जीप घाटात नेऊ नका. शेतातसुद्धा नको.

पंप केल्यावर पेडल वर येतं याचा अर्थ शू (चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजून ड्रमपासून लांब गेलेत, नाहीतर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. न पंपता पाय दाबून धरलात आणि पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाचं, रबर गेलंय किंवा कुठंतरी गळतंय. अंगणात इंजिन बंद ठेवून हे पाच मिनिटांत कळतं. डिस्क घ्यायची की नाही, हे त्यानंतर बोलू.

तुमच्या जीपचे ड्रम ९ इंची आहेत. लहान आहेत हे खरं, पण चारही नीट असले तर मोकळी जीप ते व्यवस्थित धरतात. आपल्याकडे त्यांचं वाटोळं काळी माती करते. पावसाळ्यात चिखल आत शिरतो, वाळला की दगड होतो, आणि शू व ड्रम दोघांनाही खातो. ड्रम लेथवर साफ करून घ्या, पण जोडीनं; एकाच बाजूचा कापला तर गाडी ओढते. शूचा पूर्ण पृष्ठभाग ड्रमला टेकतो का ते खडूनं बघा. चाकातले शू ढकलणारे व्हील सिलिंडर पुढचे एक इंची आणि मागचे पाऊण इंची असतात. कोणी घाईत अदलाबदल केली असेल तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. ब्रेक ऑइलच्या जागी कोणी इंजिन ऑइल ओतलं असेल तर सगळी रबरं फुगलेली सापडतील. मग एकूण एक बदला. धुवायला पेट्रोल-डिझेल वापरू नका.

पैसे घालायचे तर पहिले दुहेरी मास्टर सिलिंडरवर घाला. मूळच्या सिलिंडरमधून चारही चाकांना एकच लाइन जाते. १९९८ च्या श्रावणात कपिलधारहून येताना मांजरसुंबा घाटात माझ्या जीपचा मागचा होज पाइप फाटला. मागे आई बसलेली. एक पाइप गेला आणि चारही चाकं मोकळी झाली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि हँडब्रेक चालू होता, म्हणून आम्ही डोंगराच्या बाजूच्या मातीत थांबलो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी त्याचा वेगळा छोटा ड्रम असतो आणि तो तारेवर चालतो, म्हणून तेल गेलं तरी राहतो. तुमचा हँडब्रेक बहुतेक गिअर ऑइलनं भिजलेला असेल. तिथलं सील बदला. मी त्या आठवड्यातच दुहेरी सिलिंडर बसवला. पुढच्या चाकांचा एक पाइप, मागच्यांचा दुसरा. त्याचं भोक किती आहे ते मात्र विचारा. एक इंचाऐवजी पाऊण इंची घेतलात तर त्याच पायानं दाब पावणेदोन पटींनी वाढतो, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं.

एवढं करूनही डिस्क हवी असेल तर फक्त पुढे बसवा. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली आहे, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या कॅलिपरपेक्षा खाली. लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह नसला तर तेल मागे उतरतं आणि पेडल पुन्हा तळाला जातं. बूस्टरसाठी समोरचा पत्रा कापून पेडल वरून टांगावी लागतील. आबांच्या गाडीचा पत्रा कापू नका, असं मी कळकळीनं सांगतो. ११ इंची ड्रमचा पूर्ण सेट बॅकप्लेटसकट मिळाला, तर माझी पसंती त्यालाच. असा कोणताही बदल करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. गाडीला ५० वर्षं झालीत, म्हणून २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा विचार मनात असेल, तर चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

आता क्लच. रिव्हर्सला थरथर म्हणजे बहुतेक वेळा प्लेटवर तेल. इंजिनचं मागचं सील गळत असलं तर नवी प्लेटही महिन्याभरात भिजेल. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर सील, रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि फ्लायव्हीलचं फेसिंग एकाच वेळी उरका. मूळची प्लेट साडेआठ इंची असते. सव्वानऊ इंची प्लेट प्रेशर प्लेटसकट बसते, फ्लायव्हीलची भोकं मात्र जुळली पाहिजेत. आणि प्रेशर प्लेटची तिन्ही बोटं एका पातळीत लावून घ्या, ती वरखाली असली तरी थरथर राहते. पाय जड होतो तो लिंकेजच्या, म्हणजे पेडलपासून क्लचपर्यंतच्या जोडणीच्या, झिजलेल्या पिना आणि वाळलेल्या ग्रीसमुळे. पाचशे रुपयांच्या पिना बदलून ज्याचा क्लच मऊ होतो, त्याला हायड्रॉलिकचा खर्च कशाला? पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डीओटी-३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायल्यावर १४० ला. घाटात ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. दर दोन वर्षांनी बदला. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. दुहेरी सिलिंडर असेल तर तो बसवण्याआधी बाकावरच त्याची हवा काढा.

काम झालं की मोकळ्या सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन बघा. जो इतरांपेक्षा जास्त तापलेला, तो चाक धरतोय. जो थंड, तो कामच करत नाही. चारही सारखे लागले की मग चाळीसगावला जा, आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा.