ऊस कांडीने येतो, मग बियांची गरजच काय?

प्रश्न छान आहे: 'आमच्या खानापुरात ऊस टिपरी (उसाची कांडी) लावून येतो, रताळं वेलाच्या तुकड्यावर. मग फूल-बी, नर-मादी हा खटाटोप कशाला?'

दोन डोळ्यांची (पेरावरच्या अंकुरांची) टिपरी मातीत दाबली की आठ-पंधरा दिवसांत डोळा फुटतो. तो कोंब म्हणजे नवा जीव कमी, जुन्याच उसाचा पुढचा भाग जास्त. गुण तेच, खोडही तीच. लाल कूज (ऊस आतून लाल करून कुजवणारा रोग) झालेलं बेणं लावलंत तर अख्खा फड लाल!

बियांचं तसं नाही. एका फुलाचे परागकण दुसऱ्याच्या बीजांडाला फलित करतात, गुणांची सरमिसळ होते. उसालाही तुरा, म्हणजे फुलोरा, येतोच की. आपल्याकडचा 'को ८६०३२' हा उसाचा वाण कोइमतूरला दोन जातींच्या संकरातून निघाला, आणि पुढे टिपरीने पसरला. म्हणजे जात घडवायला तुरा, वाढवायला टिपरी. निपाणीच्या तंबाखूला मात्र बीच लागतं. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया, इतकं बारीक बी, म्हणून आधी तरू टाकायचा, म्हणजे वाफ्यात रोपं करायची.

जनावरांत आणि माणसांत टिपरीची सोय नाही. शुक्राणू नि अंडं एकत्र यावंच लागतं. माणसात २३ गुणसूत्रं (गुण वाहून नेणारे पेशीतले धागे) आईकडून, २३ बापाकडून. दर खेपेला सरमिसळ वेगळी, म्हणून सख्खी भावंडंही वेगळी दिसतात. कोंबडी अंडं बाहेर उबवते, म्हैस साधारण ३१० दिवस पोटात वाढवते. गाय आणि बाई दोघींचे दिवस जवळपास सारखेच, २८० च्या आसपास. आमची आजी हे गोठ्यात उभी राहून बोटांवर मोजायची.