सोयाबीनमधील बारीक तण: आधी ओळख, मगच फवारणी

प्रश्न: सोयाबीन 18 दिवसांचे आहे. जमिनीलगत घोळ, लव्हाळा असे तण पसरले आहे. दुकानदार म्हणतो, क्विझालोफॉप हे तणनाशक दीडपट मारा, सगळे जाईल. मारावे का?

उत्तर: मारू नये. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणांवर चालते आणि लव्हाळा हे गवतच नाही, त्यामुळे दीडपट काय, तिप्पट मात्रेनेही तो मरणार नाही. त्याची पाने बुंध्यापासून तीन दिशांना फुटतात, फुलाचा दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा बोटाला लागतात आणि उपटल्यावर मुळाशी काळपट गाठी दिसतात. लव्हाळ्यासाठी म्हणून उसातले हॅलोसल्फ्युरॉन कोणी हाती दिले, तर तेही सोयाबीनवर मारू नये.

घोळ म्हणून जे दाखवले जाते, ते अनेक शेतांत लहान दुधी निघते. दोन्हींच्या तांबूस फांद्या जमिनीला चिकटून पसरतात. मात्र घोळीचे पान जाड व रसाळ असते, पिवळे फूल सकाळच्या उन्हात उमलते आणि देठ मोडल्यावर नुसते पाणी येते, तर दुधीचा देठ मोडताच पांढरा चीक येतो. घोळीची भाजी खुडणाऱ्यांनी ही खूण जरूर पाहावी. केना या तणाचे पान रुंद दिसले तरी त्याच्या शिरा समांतर असतात, देठाला वेढणाऱ्या आवरणावर तांबूस केस असतात आणि फूल निळे असते. क्विझालोफॉप त्यावरही चालत नाही.

रुंद पानांचे तण दोन-तीन पानांवर असेल आणि जमिनीत ओल असेल, तरच इमॅझेथापायर 10 टक्के एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यातून फवारावे. मात्रा वाढवू नये. दुकानदार कितीही म्हणाला तरी वाढवू नये, कारण पीक पिवळे पडून वाढ खुंटते आणि जमिनीत उरलेला अंश पुढच्या ज्वारीला बाधतो. तण वितीएवढे झाल्यावर फवारणी करणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे.

माझा आग्रह कोळप्याचाच, म्हणजे ओळींमधले तण काढणाऱ्या अवजाराचाच आहे. वाफसा येताच पहिली कोळपणी करावी, तिसाव्या दिवसाच्या आत दुसरी करावी आणि ओळीतले तण खुरप्याने काढावे. उपटलेला केना बांधावर टाकू नये. ओल्या मातीत त्याच्या पेरापेराला मुळ्या फुटतात, म्हणून तो गोळा करून शेताबाहेर उन्हात वाळवावा. पॉवर वीडरच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. शेतकरी ओळख क्रमांक लागतो.