मित्राला कोण बोलणार? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

परराष्ट्र धोरणावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, वाटलं चार-पाच पत्रं येतील, तर ढीगच आला. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर, की लोकशाही आणि मानवाधिकार या गोष्टी आपण दुसऱ्या देशाला सांगायच्या की आपलं आपण बघायचं. त्यातले काही प्रश्न घेतलेत. ज्यांनी नुसत्या सरकारला किंवा विरोधकांना शिव्या लिहून पाठवल्या त्यांचीही पत्रं वाचली, मजा आली, छापणार नाही.

ताई, आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'परराष्ट्र धोरणातून मानवाधिकार आणि लोकशाही वाढवावी का'. माझ्या वाट्याला 'हो' ही बाजू आली आणि सगळे हसून राहिले, म्हणतात ही अमेरिकेची नाटकं, इराक विसरली का. मी काय बोलू?
– विद्यार्थिनी, धरमपेठ

तू सुरुवातच १९४६ पासून कर. दक्षिण आफ्रिकेनं तेव्हा तिथल्या भारतीयांनी जमीन कुठं घ्यायची, राहायचं कुठं यावर बंधनं घालणारा कायदा केला होता. भारत अजून स्वतंत्रही नव्हता, दिल्लीत व्हाइसरॉय बसत होता, तरी आपण त्यांच्याशी व्यापार तोडला आणि प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेला, विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. समोर जनरल स्मट्स, दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान, त्यांचं म्हणणं एकच, हा आमच्या घरातला मामला आहे, तुम्ही बोलणारे कोण. गंमत बघ, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेत मानवाधिकारांची भाषा आणण्यात याच स्मट्सचा हात होता! डिसेंबरमध्ये ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी पास झाला. लगेच काही बदललं का, तर नाही, वर्णभेद उलट १९४८ नंतर जास्त पक्का झाला आणि सगळ्यांना मत देता येईल अशी निवडणूक तिथं व्हायला १९९४ उजाडलं. अमेरिकेचं म्हणशील तर त्यांनी जोरदार निर्बंध १९८६ मध्ये लावले, तेही रेगन यांचा नकाराधिकार संसदेनं मोडून काढल्यावर. तेव्हा ही नाटकं अमेरिकेची म्हणणाऱ्यांना सांग की या बाबतीत आपण त्यांच्या चाळीस वर्षं पुढं होतो.

इराकवर मात्र अडून बसू नकोस, तो मुद्दा समोरच्यांचा खरा आहे, मान्य करून टाक. २००३ मध्ये तिथं सैन्य घुसवताना मोठं कारण सांगितलं होतं संहारक शस्त्रांचं, ती सापडली नाहीत तसा लोकशाहीचा गजर वाढत गेला. त्याच्यामुळं झालं काय की जगात कुठंही कोणी मानवाधिकार म्हटलं की लोकांना रणगाडाच दिसतो.

पण रणगाड्याशिवाय झालेलं एक उदाहरण तुझ्या कामाचं आहे. १९७५ मध्ये हेलसिंकीला ३५ देशांनी एक करार केला. सोव्हिएत युनियनला हवं होतं की महायुद्धानंतरच्या सीमा सगळ्यांनी मान्य कराव्यात, त्या बदल्यात त्यांनी मानवाधिकारांच्या कलमांवरही सही करून टाकली, मनात हेच असणार की कागदच तर आहे. पुढच्याच वर्षी मॉस्कोत काही लोकांनी गट काढला आणि सरकारला विचारायला लागले की तुम्हीच सही केली ना, मग आमच्या माणसांना तुरुंगात का टाकता. चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये १९७७ ला तसंच झालं, तिथल्या लोकांनी हक्क मागायला काढलेल्या सनदेवर सही करणाऱ्यांत वाक्लाव हावेल होते, पुढं तेच राष्ट्राध्यक्ष झाले. बाहेरच्यांनी फक्त एक पकड दिली, जोर आतल्या लोकांनी लावला. हा भाग नीट बोललीस तर हसणारे ऐकतील.

नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालो. माझं स्पष्ट मत, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. नेपाळात आपण खुपसलं, काय मिळालं? शिव्या.
– एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर

काका, नेपाळात आपण एकदा नाही, दोनदा खुपसलं, आणि दोन्ही वेळी निकाल वेगळा लागला, तुमच्या पत्रात फक्त दुसरी वेळ आहे.

पहिली वेळ २००५. १ फेब्रुवारीला राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त केलं, नेत्यांना नजरकैदेत टाकलं, फोन बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. भारतानं नेपाळी सैन्याची शस्त्रं रोखली आणि त्याच महिन्यात ढाक्याला होणाऱ्या सार्क परिषदेला जायला नकार दिला. पुढं नोव्हेंबरमध्ये नेपाळचे सात पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, तो झाला कुठं, तर दिल्लीत. एप्रिल २००६ मध्ये काठमांडूचे रस्ते माणसांनी भरले आणि राजाला संसद परत बसवावी लागली. दोन वर्षांनी राजेशाहीच गेली. आता दिल्लीनं हे निव्वळ लोकशाहीच्या प्रेमापोटी केलं असं मी म्हणणार नाही, माओवादी जंगलात राहण्यापेक्षा राजकारणात आलेले बरे हा हिशोब होताच, पण तिथल्या लोकांना जे हवं होतं त्याच बाजूला आपलं वजन पडलं.

दुसरी वेळ २०१५. नेपाळनं सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना केली, त्यात आपल्या सीमेलगत तराईत राहणाऱ्या मधेशी लोकांना मतदारसंघांत आणि नागरिकत्वात डावललं गेलं अशी तक्रार होती, आणि ती तक्रार काही खोटी नव्हती. म्हणजे बघा, मुद्दा हक्कांचाच! पण रक्सौलच्या सीमानाक्यावर ट्रक अडकले, महिनोन् महिने गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत, आणि तेही एप्रिलच्या भूकंपातून लोक अजून सावरले नसताना. आपण म्हणत राहिलो आम्ही नाकाबंदी केलेली नाही, आंदोलक बसलेत. काठमांडूत कोणी मानलं नाही. ज्या घरात सिलिंडर संपला त्या घरात मधेश्यांच्या हक्कांबद्दल सहानुभूती कुठून येणार? मार्च २०१६ मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी चीनला जाऊन मालवाहतुकीचा करार केला.

म्हणून नाक खुपसावं की नाही यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं की चाप कोणाला बसला. २००५ मध्ये राजाला आणि त्याच्या फौजेला, २०१५ मध्ये चुलीला.

मी संत्र्याचा व्यापारी. बांगलादेशात लोकशाही असो नाहीतर नसो, आमचा माल जाऊ द्या म्हणावं. तुम्ही लोकं मानवाधिकार करत बसता आणि इकडं संत्री सडून राहिली.
– एक वाचक, काटोल

भाऊ, तुमचा त्रास खरा आहे. काटोल, नरखेड, वरुडच्या संत्र्याला बांगलादेशाएवढं मोठं बाहेरचं गिऱ्हाईक दुसरं नाही, आणि तिथं आयात शुल्क वाढलं की इकडं झाडावरच भाव पडतो, हे कळमन्याच्या बाजारात कोणीही सांगेल. पण एक गोष्ट आठवून बघा, हे शुल्क वाढत वाढत गेलं कोणाच्या काळात? शेख हसीना यांच्याच, म्हणजे दिल्लीच्या सगळ्यात जवळच्या सरकारच्या काळात.

२०१४ च्या तिथल्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि ३०० पैकी निम्म्याहून जास्त जागा बिनविरोध गेल्या. २०२४ च्या जानेवारीत पुन्हा बहिष्कार. आपण दोन्ही वेळा निकाल मान्य करून अभिनंदन करून मोकळे, कारण हसीना बाईंनी ईशान्येतल्या बंडखोरांना थारा दिला नाही आणि ते आपल्यासाठी मोठंच काम होतं, नाकारण्यात अर्थ नाही. मग त्याच वर्षी जुलैत पोरं रस्त्यावर उतरली आणि ५ ऑगस्ट २०२४ ला बाई विमानानं आपल्याकडं आल्या. तिथल्या तरुणांच्या डोक्यात आता भारत म्हणजे हसीनांना पाठीशी घालणारा देश. इतकी वर्षं गप्प राहून आपल्याला सुरक्षेचा फायदा मिळाला, पण संत्र्यावरचं शुल्कसुद्धा कमी करून घेता आलं नाही, आणि आता नव्या लोकांशी ओळख शून्यापासून. तुम्ही तरी गावात एकाच दलालाच्या भरवशावर धंदा ठेवता का?

मी असं नाही म्हणत की दिल्लीनं ढाक्याला रोज व्याख्यान द्यायला पाहिजे होतं. विरोधकांनाही भेटत राहणं, निवडणूक नीट घ्या असं बंद दाराआड तरी ठामपणे म्हणणं, एवढं जमत होतं. आपलं ऐकलं जाईल अशी जी मोजकी ठिकाणं असतात ती मित्रांचीच असतात, आणि सगळे देश नेमके तिथंच तोंड शिवून बसतात. इराण, क्यूबावर अमेरिका वर्षानुवर्षं बोलली, त्यांच्यावर तिचं काही चालत नाही. सौदीवर चालू शकलं असतं, तर सौदी पत्रकार खशोगींच्या खुनानंतर ज्या बायडन यांनी सौदीला वाळीत टाकू म्हटलं होतं तेच जुलै २०२२ मध्ये जेद्दाला जाऊन युवराजांना मुठीला मूठ लावून आले, तेलाचे भाव चढले होते ना.

म्यानमारबद्दल आपण आधी सू ची यांच्या बाजूनं होतो, मग काय झालं? थोडक्यात सांगा.
– एक वाचक, सक्करदरा

थोडक्यात सांगायचं तर सीमा झाली. १,६४३ किलोमीटरची. १९८८ च्या आंदोलनात आपण उघड लोकशाहीवाल्यांच्या बाजूनं, लोकशाहीवाल्यांच्या नेत्या सू ची यांना पुढं नेहरू पुरस्कारही जाहीर केला, पण नव्वदीच्या दशकात ईशान्येतले बंडखोर आणि तिथं वाढत चाललेला चीन पाहून दिल्लीनं लष्कराशी जुळवून घेतलं. २०२१ च्या सत्तापालटानंतर आमसभेत निषेधाचा ठराव ११९ मतांनी पास झाला, आपण तटस्थ राहिलो. आणि सू ची स्वतः २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या खटल्यात हेगला जाऊन त्याच लष्कराची बाजू मांडून आल्या होत्या, त्यामुळं लोकशाही म्हणजे एक चेहरा असं धरून धोरण आखलं तर असं तोंडावर पडायला होतं.

आमच्या भागातले किती तरी लोक दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला आहेत, माझे बाबाही. हा माल बाहेर देशी जातो तेव्हा तो कोणावर चालणार हे कोणी बघते का?
– एक वाचक, वाडी

कागदावर बघतात. शस्त्रं बाहेर विकायची तर संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते आणि घेणाऱ्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र लागतं, की हा माल आम्हीच वापरू, तिसऱ्याला देणार नाही. पण त्या कागदाचा मुख्य रोख माल भलत्याच्या हाती जाऊ नये यावर असतो, खुद्द घेणाराच तो नागरिकांवर चालवेल का हा प्रश्न त्यात मागं पडतो. अमेरिकेत लेही कायदा आहे, परदेशी सैन्याच्या ज्या तुकडीवर छळाचे, खुनांचे विश्वासार्ह आरोप असतील त्या तुकडीला मदत देता येत नाही, आता तो लाडक्या देशांना किती लावतात हा वेगळा विषय, पण कायदा आहे म्हणून निदान विचारता येतं. २०१३ मध्ये जागतिक शस्त्रव्यापार करार झाला त्यावर आपण तटस्थ राहिलो आणि अजून सही केलेली नाही.

इस्रायलला शस्त्रं पाठवणं थांबवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टानं ती फेटाळली, परराष्ट्र धोरण हे सरकारचं काम, आमचं नाही असं म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत इस्रायलची शस्त्रविक्री थांबवण्याच्या ठरावावरही आपण तटस्थ. म्हणजे कोर्ट म्हणते सरकारला विचारा आणि सरकारला थेट विचारायला आपल्याला मतदानाशिवाय दार नाही. तुमच्या बाबांच्या नोकरीवर बोट ठेवायचं काही कारण नाही, पण तुम्ही जे विचारलं ते संसदेत विचारलं जायला पाहिजे.

जयभीम. जगाला लोकशाही शिकवणारा देश जातीचा विषय बाहेर निघाला की 'अंतर्गत बाब' म्हणतो. हे तुम्ही लिहाल का?
– एक वाचक, इंदोरा

जयभीम. लिहिते ना. २००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथं मांडायचा प्रयत्न केला आणि भारत सरकारनं पूर्ण ताकद लावून तो जाहीरनाम्यात येऊ दिला नाही. जात म्हणजे वंश नव्हे, आमच्याकडं कायदे आहेत, बाहेरच्यांनी यात पडू नये. जात आणि वंश वेगळे हे अभ्यासक म्हणून मान्य करता येईल, पण 'बाहेरच्यांनी पडू नये' हे ऐकताना मला पुन्हा ते स्मट्सच आठवतात, आणि डर्बन तर त्यांच्याच देशात. पुढच्या वर्षी वंशभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं जन्मावर आधारलेल्या भेदभावात जात येते असं स्पष्ट केलंच.

दीक्षाभूमीच्या गावात हेही सांगायला हवं की बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणावर खूप बोलून ठेवलंय आणि आपण ते वाचत नाही. १९५१ च्या राजीनाम्याच्या कारणांत परराष्ट्र धोरण होतं. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी चीनशी ठरवलेल्या पंचशील तत्त्वांवर सरळ हल्ला केला. बुद्धाचं पंचशील हे माणसाच्या आचरणासाठी, ते राजकारणात आणून माओंवर विश्वास कसला ठेवता, त्यांचा विश्वास असता तर त्यांच्या देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळं वागवलं असतं, अशा अर्थाचं ते बोलले, आणि ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली हेही. आठ वर्षांनी काय झालं ते माहीतच आहे. दुसऱ्या देशात लोकांना कसं वागवतात ही त्यांच्या लेखी दानधर्माची बाब नव्हती, शेजारी किती भरवशाचा हे त्यावरून कळतं असा रोकडा हिशोब होता.

हे सगळं दिल्लीत ठरते. आपण नागपुरात बसून काय करू शकतो?
– दोघा-तिघांचा सारखाच प्रश्न

माहितीचा अधिकार टाकून बघाल तर कलम ८ आडवं येईल, परदेशाशी संबंध बिघडतील अशी माहिती द्यायची सक्ती नाही. त्यापेक्षा खासदाराला लेखी प्रश्न सुचवा, लोकसभेत स्वीकारल्या गेलेल्या प्रश्नाला मंत्रालयाला उत्तर द्यावंच लागतं आणि ते वेबसाइटवर राहतं. परराष्ट्र व्यवहारांच्या संसदीय समितीचे अहवालही तिथंच असतात, कंटाळवाणे आहेत पण वाचा. आणि मानवाधिकार परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाची उजळणी होते, आपली मागची नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, त्यासाठी संस्था, संघटना थेट आपलं म्हणणं जिनिव्हाला पाठवू शकतात, मुदत बरेच महिने आधी संपते. दुसऱ्या देशांच्या उजळणीत आपण त्यांना काय काय शिफारशी केल्या तेही छापलेलं असतं, कोणाला केल्या आणि कोणाला मऊ बोललो, ते एकदा काढून बघा.