आधी नाली बघ

रामबाग, इंदूर

चिरंजिवास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल पोह्यांच्या बशीबरोबर तुझ्या आईने बातमी आणली. मायनिंग सरदारचं, म्हणजे शिफ्टला खाण तपासणाऱ्या माणसाचं, सर्टिफिकेट हातात आलं, परासियाकडच्या कोळसा खाणीत नेमणूक झाली, पेंचव्हॅली गाडीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलंय म्हणे. जाता जाता म्हणाली, "काका, छत कसं बघायचं ते जरा त्याला समजावून सांगा." छताचं तुला तिथे दहा जण सांगतील, आणि ते सांगायलाच हवं. मी पायाखालचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही.

खाणीतला रस्ता तपासायला निघालेल्या माणसाची चाल मी आयुष्यभर बघितली आहे. बूट भिजू नयेत म्हणून रुळांच्या मधोमध, स्लीपरवर पाय टाकत जायचं, नजर वर. तू नालीच्या बाजूने चाल. गमबूट एक नंबर मोठा घे, आत लोकरी मोजे घाल, आणि भिज.

आपल्या माळव्यातली काळी माती तुला ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. आमच्या कंपाउंडची भिंत त्यापायीच चिरली आहे. कोळशाखालची शेल पुष्कळ ठिकाणी अशीच वागते. कोरडी असेपर्यंत दगड, आणि वर चार दिवस पाणी साचलं की लोणी. मग स्लीपर एका अंगाला खचतो, रूळ कलतो. लाइनमन येतो, खडी ठोकून रूळ सरळ करतो, आठवड्याने तिथेच पुन्हा खचतो. त्याला शिव्या घालू नकोस. चढाच्या बाजूला दहा-वीस पावलं मागे जा, साइडचा कोळसा गळून नाली कुठेतरी बुजलेली सापडेल.

हे मी महाग शिकलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका खाणीत (नाव राहू दे) डिपकडच्या, म्हणजे उताराच्या बाजूच्या, शेवटच्या दोन पिलरपर्यंत (छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब) मी गेलोच नाही. गुडघाभर पाणी होतं, शिफ्ट संपत आली होती, आणि आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. वर येऊन रिपोर्ट बुकात लिहिलं, 'सर्व ठीक'. तिथे नाली बुजली होती, पाणी रुळाखालून वाहत होतं. पुढच्या शिफ्टला कोळशाने भरलेला टब, म्हणजे रुळावरची डबागाडी, घसरला आणि ती ढकलणाऱ्या एका ट्रॅमरची दोन बोटं पायावेगळी झाली. चौकशीत माझ्याच अक्षरातलं ते 'सर्व ठीक' मोठ्याने वाचून दाखवलं. माणूस चांगला होता, नंतरही मला नमस्कार करायचा. तेच जास्त लागायचं.

म्हणून जिथे गेला नाहीस तिथलं लिहू नकोस. 'अमक्या लेव्हलच्या (आडव्या रस्त्याच्या) पुढे पाण्यामुळे जाता आलं नाही' हेही निरीक्षणच आहे. ओव्हरमन, तुझा वरचा साहेब, तोंड वाकडं करेल. करू दे.

'पाणी जास्त वाटतं' असं मात्र कधी लिहू नकोस. वाटण्याला कोण विचारतो? बादली लाव आणि घड्याळ बघ. पंधरा लिटरची बादली 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे दिवसाला 43,200 लिटर पाणी. मोठ्या नालीत काटकोनी खाचेचा पत्रा आडवा बसवून घे. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी 10 सेंटीमीटर चढलं तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर धर. आणि ही उंची दुप्पट झाली की पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटीच्या वर जातं. उंची पत्र्यापासून थोडी मागे मोज, खाचेत पाणी वाकतं.

एसडीएलच्या, म्हणजे कोळसा उचलून भरणाऱ्या यंत्राच्या, साखळ्या फ्लोअर उकरतात, मग खड्डे पडतात. खड्ड्यात कोळशाचा चुरा लोटणं सगळ्यांत सोपं, म्हणून सगळे तेच करतात. होऊ देऊ नकोस, दोन दिवसांत त्याची लापशी होते. मुरूम किंवा गिट्टी माग, आणि आधी पाणी काढ. धूळ बसवायला मारलेलं पाणीही अति झालं की तोच चिखल.

मॅनहोलचं हसू नकोस. इंदुरात मॅनहोल म्हणजे गटाराचं झाकण. तिथे हॉलेज रोडच्या, म्हणजे दोराने टब ओढायच्या रस्त्याच्या, भिंतीत कोरलेला कोनाडा, टब सुटले तर अंग चोरून उभं राहायला. आत आणि तोंडाभोवती चुना हवा, आणि आत जुने स्लीपर, सिमेंटची पोती नकोत. प्रत्येकात स्वतः उभा राहून बघ. दोराखालच्या रोलरवर हात फिरव, अर्थात हॉलेज बंद असताना. फिरत नसेल तर दोराने त्यात खाच पाडलेली असते, आणि तीच खाच दोर खाते.

पाण्याचा एक प्रकार मात्र वेगळा. फेसचा, म्हणजे जिथे कोळसा काढणं चालू आहे तिथला, कोळसा घामेजला, नेहमीपेक्षा जास्त पाझर सुटला, पाण्याला सडक्या अंड्याचा वास किंवा गेरूचा रंग आला, तर मोजत बसू नकोस. माणसं मागे घे, मग वर कळव. पलीकडे जुनं, पाण्याने भरलेलं काम असू शकतं. म्हणूनच अशा कामाच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी पुढे बोअर मारत जावं लागतं. 10 डिसेंबर 1954 ला तुझ्या परासियाजवळच न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं, 63 माणसं गेली. पहिल्या रविवारी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठ आणि ऐकून ये.

पंप खलाशाशी मैत्री कर. 'साहेब, पंप हवा खातोय' असं तो म्हणाला की वाद न घालता जाळी काढून बघ. चिंध्या, लाकडाचे तुकडे, काहीही निघेल. सम्पमध्ये (पाणी साठवायच्या खड्ड्यात) किती गाळ बसलाय ते त्याला काठीने कळतं, नकाशावर दिसत नाही.

खिशात खडू ठेव. पहिल्या दिवशी सम्पच्या भिंतीवर पाण्याच्या कडेला रेघ मार, शेजारी तारीख आणि पंप किती तास चालला ते लिही. आठवड्याने ती रेघ पाण्याच्या वर होती की खाली, तेवढं मला फोन करून सांग.

तुझा,
काका